एकतर्फी झुंज सोसताना: सतत हरणाऱ्या बाजूच्या फुटबॉल चाहत्यांसाठी

एकाच प्रतिस्पर्ध्याने आपल्या संघाला वर्षानुवर्षे हरवत राहावे आणि त्या प्रतिस्पर्ध्याचा चाहता आपल्याच कार्यालयात किंवा रोजच्या लोकलच्या डब्यात भेटत राहावा, ही अवस्था मुंबईतल्या फुटबॉलप्रेमींच्या चांगल्या परिचयाची आहे. परदेशी संघांचे चाहते आपल्याकडे वस्तीनुसार विभागलेले नाहीत. एकाच सोसायटीत, क्वचित एकाच घरात दोन्ही बाजू नांदतात, त्यामुळे पराभवानंतर तोंड चुकवायलाही जागा उरत नाही. अशा वेळी ‘खेळच तर आहे, एवढे मनाला काय लावून घ्यायचे’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो आणि तोच सर्वांत निरुपयोगी असतो, कारण ज्याला मनाला लावून घ्यायचे नसते तो रात्री दीड वाजता टीव्हीसमोर बसतच नाही. खालील सूचना मनाला लावून घेणाऱ्यांसाठी आहेत. त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हरण्याचा हिशेब दुसऱ्या बाजूच्या हाती सोपवू नये, तो आपला आपण ठेवावा.

हिशेबाची वही

जिंकणाऱ्या बाजूचा चाहता हिशेब मांडतो तो ठोक स्वरूपात. ‘इतक्या वर्षांत एकदाही नाही’ एवढेच त्याचे म्हणणे असते, आणि ते बहुधा खरे असल्यामुळे आपण निरुत्तर होतो. या ठोक आकड्याची फोड करणे हे पहिले काम आहे.

इंग्लंडमधल्या एकाच शहरातल्या एव्हर्टन आणि लिव्हरपूल या क्लबांचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०१० मध्ये एव्हर्टनने लिव्हरपूलला २-० असे हरवले आणि त्यानंतरचा विजय थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाला. दहा वर्षांहून अधिक काळ पाटी कोरी राहिली, यात वाद नाही. परंतु २०१२-१३ ते २०२०-२१ या नऊ हंगामांत एव्हर्टनच्या स्वतःच्या गुडिसन पार्क मैदानावर झालेले नऊ लीग सामने पाहिले, तर त्यांपैकी आठ बरोबरीत सुटले होते आणि एव्हर्टनने एकच गमावला होता, तोही डिसेंबर २०१६ मध्ये भरपाई वेळेत सादिओ मानेने केलेल्या गोलामुळे. दाणादाण उडत होती ती लिव्हरपूलच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर. तिथे २०१४ आणि २०१६ या दोन्ही वर्षी ०-४ अशी हार झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये २-५ अशी. म्हणजे ‘आम्ही त्यांच्याकडून नेहमीच हरतो’ हे विधान चुकीचे होते. ‘आम्ही त्यांच्या मैदानावर कोलमडतो आणि आमच्या मैदानावर जिंकता जिंकत नाही’ हे विधान बरोबर होते. दोन्ही विधाने दुःखदच आहेत, पण दुसऱ्याच्या आधारे कोणत्या सामन्याआधी मन घट्ट करायचे आणि कोणत्या सामन्याकडून थोडी आशा ठेवायची, हे निदान ठरवता येते.

आपल्या संघासाठी अशीच नोंद करावी. मैदान, स्पर्धा, त्या वेळचा प्रशिक्षक आणि निकाल एवढे चार रकाने पुरतात. शक्यतो सध्याच्या प्रशिक्षकाच्या नेमणुकीपासून, फार तर मागच्या पाच-सहा हंगामांपासून सुरुवात करावी. त्याहून मागे जाऊन ‘एके काळी आम्हीच त्यांना धूळ चारायचो’ असे सिद्ध करण्याचा मोह होतो, तो आवरावा. ज्या काळातला एकही खेळाडू आज मैदानावर नाही, त्या काळाचे भांडवल समोरचा चाहता क्षणात उधळून लावतो.

पारडे का झुकले, हे तपासावे

वहीनंतरची पायरी म्हणजे कारणांचा शोध. यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही, कारण इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांच्या इतिहासात सगळा धडा आलेला आहे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी गोव्याच्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला, गोव्याने मुंबईला ७-० असे हरवले. डुडू आणि हाओकिप या दोघांनी प्रत्येकी तीन गोल केले. मार्च २०१९ मध्ये उपांत्य फेरीचा पहिला सामना अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला, तेव्हा गोव्याने ५-१ असा विजय मिळवून दुसऱ्या सामन्यातली रंगतच काढून घेतली. तो दुसरा सामना मुंबईने गोव्यात १-० असा जिंकला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही, आणि वही ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की असा विजय निसटून जात नाही.

यानंतर जे बदलले ते चाहत्यांच्या नवसाने बदलले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटीतील ६५ टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. २०२० मध्ये गोव्याला आक्रमक खेळाची ओळख मिळवून देणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले, आणि गोव्याच्या संघातले अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस आणि मंदार राव देसाई हेही मुंबईच्या निळ्या जर्सीत दिसू लागले. त्या हंगामात मुंबईने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल आणि अंतिम विजेतेपदाचा करंडक दोन्ही जिंकले, आणि वाटेत उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टी शूटआउटवर बाहेर काढले. पुढे २४ एप्रिल २०२४ रोजी फातोर्ड्यालाच गोवा २-० असा पुढे असताना मुंबईने नव्वदाव्या मिनिटापासून अवघ्या काही मिनिटांत तीन गोल करून सामना उलटवला. सात गोल खाल्लेल्या मैदानावर ही रात्र पाहणाऱ्या मुंबईकराला काय वाटले असेल, ते सांगण्याची गरज नाही. पण ज्या गोवेकराचा प्रशिक्षक आणि अर्धा कणा मुंबईने उचलून नेला होता, त्याचे दुःखही समजून घेण्यासारखे आहे.

या साऱ्यातून चाहत्याने घ्यायचे ते इतकेच, की एकतर्फी प्रतिस्पर्धेचे भवितव्य बहुतेक वेळा मैदानाबाहेर ठरते. मालकी कोणाकडे आहे, प्रशिक्षकाला किती काळ टिकू दिले जाते, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत आपल्याकडे कोण आले आणि कोण गेले, यावर लक्ष ठेवावे. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्रपणे विकत असे आणि त्या पैशाचा मोठा वाटा रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्याकडे जाई. अशा व्यवस्थेत माद्रिदमधल्याच अ‍ॅटलेटिकोने वर्षानुवर्षे हरत राहणे हा केवळ खेळाडूंच्या मनोधैर्याचा प्रश्न नव्हता. कारण समजल्याने पराभव गोड होत नाही, परंतु ‘या पोरांना लढायचेच नसते’ असा स्वतःच्या संघावरचा राग बराच ओसरतो, आणि चाहत्याला आतून पोखरणारा राग हाच असतो.

सामन्याचा दिवस

वेळापत्रक पाहून कुठे आणि कोणाबरोबर बसायचे ते आधी ठरवावे. हिवाळ्यात इंग्लंडमधला दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू होतो. तो बाहेर, चार लोकांत पाहायला हरकत नाही, कारण हरल्यावर उठून चालू पडता येते. तिथल्या सायंकाळी साडेपाचचा सामना आपल्याकडे रात्री अकराला सुरू होतो आणि संपेपर्यंत शेवटची लोकल हाताशी राहत नाही. असा सामना प्रतिस्पर्धी मित्राच्या घरी पाहण्याचे निमंत्रण नम्रपणे नाकारावे, अन्यथा पहिली गाडी सुटेपर्यंत त्याच गोलांची पुनःप्रक्षेपणे त्याच्या समालोचनासह ऐकावी लागतात. चॅम्पियन्स लीगचा दीड वाजताचा सामना असेल, तर दुसऱ्या दिवशीची सुट्टी निकालाआधीच टाकावी. निकालानंतर टाकलेली सुट्टी कार्यालयात सर्वांना कळते.

पैज लावायचीच असेल तर ती वडापावापलीकडे नेऊ नये. प्रतिस्पर्ध्याची जर्सी घालून कार्यालयात येण्याची पैज तर मुळीच घेऊ नये, कारण ते छायाचित्र पुढची अनेक वर्षे दर सामन्याआधी फिरत राहते.

टोमण्यांना उत्तर

सकाळच्या गाडीत घाटकोपरला चढणारा सहकारी निकाल ठाऊक असूनही ‘काय हो, काल किती झाले?’ असे विचारतो, तेव्हा त्याला निकाल नको असतो, सबब हवी असते. पंचांचा निर्णय, दुखापती किंवा पाऊस यांपैकी काहीही पुढे केले की दादर येईपर्यंतची करमणूक त्याला फुकट मिळते. त्यापेक्षा ‘तीन-शून्य. दुसरा गोल फारच देखणा होता’ असे सरळ सांगावे. पंचांची चूक खरोखरच झालेली असली, तरी ती त्या दिवशी बोलू नये. दोन दिवसांनी, शक्यतो त्याच्याच तोंडून निघाली, तर बोलावी. व्हॉट्सअ‍ॅप गटात एकच प्रतिसाद द्यावा आणि तोही पहिल्या अर्ध्या तासात, कारण गप्प बसणाऱ्याचे नाव घेऊन त्याला शोधले जाते आणि सतत उत्तरे देणाऱ्याला दुपारपर्यंत सोडले जात नाही. घरातली बाब थोडी वेगळी आहे. मेहुणा किंवा सासरे प्रतिस्पर्धी संघाचे असतील, तर जेवणाच्या पानावर फुटबॉल काढायचा नाही, असा नियम हंगामाच्या सुरुवातीलाच दोघांनी मान्य करून घ्यावा.

टोमणे मारणाऱ्यांनीही एक प्रसंग लक्षात ठेवावा. नोव्हेंबर २०११ मध्ये रेआल माद्रिदच्या चाहत्यांनी आपल्या बर्नाबेऊ मैदानावर, चांगल्या डर्बीसाठी (एकाच शहरातल्या दोन संघांच्या लढतीसाठी) लायक प्रतिस्पर्धी हवा आहे, अशा आशयाचा जाहिरातवजा फलक झळकवला होता. अ‍ॅटलेटिकोने १९९९ पासून त्यांना हरवलेले नव्हते. १७ मे २०१३ रोजी त्याच बर्नाबेऊवर अ‍ॅटलेटिकोने रेआलला जादा वेळेत २-१ असे हरवून स्पॅनिश चषक जिंकला, आणि पुढच्या हंगामात लीगचे विजेतेपदही मिळवले.

आणि जिंकल्यावर

बरीच वर्षे हरलेल्या चाहत्याला विजय नीट साजरा करता येत नाही, असे पुष्कळदा दिसते. तो जुने टोमणे आठवून एकेकाला उत्तरे देत बसतो आणि त्यातच रात्र घालवतो. उत्तरे सकाळी देता येतात. त्या रात्री सामना पुन्हा एकदा पाहावा. एव्हर्टनने फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅनफिल्डवर २-० असा विजय मिळवला, तो १९९९ नंतरचा त्या मैदानावरचा पहिलाच होता, पण महासाथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. लिव्हरपूल शहरातल्या जन्मजात एव्हर्टनवाल्यालाही तो क्षण आपल्या मुंबईकर चाहत्याप्रमाणेच घरच्या टीव्हीसमोर साजरा करावा लागला.

पुढच्या सामन्यापर्यंत थांबून ‘आता सवय झाली की मग आनंद करू’ असे तर कधीही म्हणू नये. याचा दाखला मुंबईविरुद्धच्या बाजूचा आहे. मोहन बागान हे नाव इंडियन सुपर लीगमध्ये आल्यापासून त्या स्पर्धेत मुंबई सिटीविरुद्ध झालेल्या पहिल्या आठ सामन्यांत त्यांच्या वाट्याला सहा पराभव आणि दोन बरोबरी आल्या होत्या. २०२१ मधल्या एका सामन्यात तर मुंबईने त्यांच्यावर पाच गोल केले होते. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर त्यांनी मुंबईला २-१ असे हरवले आणि त्याच विजयाने साखळीची ढालही पटकावली. पेढे त्याच रात्री वाटायचे असतात. ४ मे रोजी त्याच मैदानावर अंतिम सामना झाला आणि मुंबईने तो ३-१ असा जिंकला, म्हणजे बागानच्या चाहत्यांना मिरवायला मिळाले ते एकोणीस दिवस.