दारात उभ्या केलेल्या ट्रॉलीत शेजारी कचरा टाकत असेल तर

खानदेशात घराची दुरुस्ती निघाली की दारात ट्रॅक्टरची ट्रॉली लागते. मोठ्या शहरांत मलब्यासाठी लोखंडी पेट्या भाड्याने मिळत असतीलही. जळगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर किंवा चाळीसगावच्या गल्लीत मात्र ट्रॅक्टरवाला ट्रॉली सोडून निघून जातो, मजूर घमेल्याघमेल्याने तीत मलबा टाकतात आणि ट्रॉली भरली की तो येऊन ती ओढून नेतो. भाडे आपण भरलेले असते, तरी रस्त्याच्या कडेला उघडी उभी असलेली ही ट्रॉली शेजाऱ्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना गल्लीची कचराकुंडी वाटू लागते. हा त्रास कसा टाळावा आणि टळला नाही तर काय करावे, हे येथे अनुभवावरून सांगत आहे.

आमच्या जुन्या घराचे धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, उतरवले तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी पांढऱ्या मातीच्या ढिगावर एक फाटकी गादी, शिळ्या अन्नाने भरलेली पिशवी आणि फवारणीच्या औषधाची अर्धवट रिकामी बाटली पडलेली दिसली. बाटलीचे झाकण सैल होते. त्यातले औषध ओघळून मातीवर हातभर लांबीचा ओला पट्टा उमटला होता आणि त्याचा उग्र वास ओट्यापर्यंत येत होता, तर ट्रॉलीच्या फाळक्याशी, म्हणजे कडेच्या फळीशी, उभी असलेली एक गाय अन्नाची पिशवी ओढण्यासाठी मान आत घालत होती. ट्रॉलीवाल्याने ती खेप नेण्यास सरळ नकार दिला, कारण ती माती त्याने एका प्लॉटच्या भरावासाठी कबूल केलेली होती. मलबा निवडण्यात दोन मजुरांचा अर्धा दिवस गेला आणि ती मजुरी आम्हालाच द्यावी लागली.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की या भांडणात जागेपेक्षा भेसळीचा प्रश्न मोठा असतो. शेजाऱ्याने ट्रॉलीची थोडी जागा व्यापली, तर त्याचा हिशेब करता येतो. आपल्याकडे माती-मुरूम ब्रासने मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि पाव ब्रास मलब्याचे पैसे कोणीही बोटांवर काढू शकतो. परंतु स्वच्छ विटांचे तुकडे आणि माती यांना भरावासाठी मागणी असते, लोखंड भंगारात जाते, जुन्या सागवानालाही गिऱ्हाईक मिळते. या सगळ्यात ओला कचरा मिसळला की संपूर्ण खेपच कोणी घेत नाही आणि ती वेगळ्या ठिकाणी रिकामी करण्याचा खर्च आपल्या माथी येतो. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याविषयी २०१६ साली जे केंद्रीय नियम आले, त्यांनीही मलब्यात दुसरा कचरा मिसळू न देण्याची जबाबदारी मलबा निर्माण करणाऱ्यावरच, म्हणजे घरमालकावर टाकली. शेजाऱ्याने टाकले हे खरे असले, तरी ट्रॉलीत काय आहे याचे उत्तर आधी आपल्यालाच द्यावे लागते, हे मनाशी पक्के धरून पुढची पावले उचलावीत.

सर्वांत उपयोगी काम ट्रॉली येण्यापूर्वीच करायचे असते. ट्रॉलीवाल्याशी बोलताना केवळ खेपेचा दर ठरवून थांबू नये. ट्रॉलीत किती ब्रास माल मावतो, ती किती दिवस उभी राहील, मलबा कोठे रिकामा होणार, त्यात काय चालणार नाही आणि भेसळ निघाल्यास जादा पैसे किती व कोणी द्यायचे, हे विचारून एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे व खाली दोघांनी सही करावी. ही चिठ्ठी पुढे शेजाऱ्याशी बोलतानाही उपयोगी पडते, कारण भेसळीमुळे होणारे नुकसान मग आपल्या तोंडचे राहत नाही, कागदावरचे होते.

ट्रॉली शक्यतो आपल्या आवारात उभी करावी. आवार नसेल आणि रस्त्यावर उभी करावीच लागत असेल, तर नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची परवानगी आधी घ्यावी, गटारीचे तोंड मोकळे ठेवावे आणि रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसावी म्हणून मागच्या बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. परवानगीचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटतो, पण उद्या आपण शेजाऱ्याची तक्रार घेऊन गेलो आणि आपलीच ट्रॉली विनापरवाना रस्ता अडवून उभी असली, तर पहिला जाब आपल्याला विचारला जाईल. सार्वजनिक वाट अडवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याहूनही चांगला उपाय म्हणजे ट्रॉली रात्रभर उभीच न ठेवणे. जागा असल्यास मलबा अंगणात किंवा आतल्या चौकात साठवावा, एक पूर्ण खेप तयार झाली की सकाळी ट्रॉली मागवावी, दोन मजूर अधिक लावून ती भरावी आणि त्याच दिवशी रवाना करावी. मजुरी थोडी वाढते, परंतु कचरा बहुतेक वेळा अंधार पडल्यावर किंवा पहाटे टाकला जातो, त्यामुळे रात्र टळली की बराचसा त्रास टळतो. ट्रॉली रात्री ठेवणे भागच असेल, तर तिच्यावर ताडपत्री ओढून दोरीने चारही बाजूंनी आवळावी. दोरी कोणीही सोडू शकतो हे खरे, पण सहज जाता-जाता पिशवी भिरकावणारा माणूस गाठ सोडायला थांबत नाही.

दुरुस्तीचा मुहूर्तही पाहावा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी, श्रावणात कानबाई देवी बसण्यापूर्वी आणि दिवाळीच्या तोंडावर खानदेशात घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी चालते, माळ्यावरचे सामान खाली येते आणि प्रत्येक घरात जुन्या गाद्या, मोडक्या खाटा, फुटके माठ यांचे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. घंटागाडीवर या वस्तू घेतीलच असे नाही, भंगारवाल्याला त्या नको असतात, आणि अशा वेळी दारासमोर उघडी ट्रॉली दिसली की हात आपोआप तिकडे वळतो. बहुतेक शेजारी यात खोडसाळपणा करत नाहीत. त्यांच्याकडे दुसरी सोय नसते. हे लक्षात ठेवले तर आपले बोलणे आपोआप मऊ होते, आणि मऊ बोलण्याने जे काम होते ते ओरडून होत नाही.

म्हणून ट्रॉली लागण्याच्या आदल्या संध्याकाळी आजूबाजूच्या चार-पाच घरी स्वतः जावे. निरोप मुलाबरोबर पाठवू नये. ओट्यावर बसून, चहा घेऊन, इतके सांगितले तरी पुरे: “काका, उद्यापासून आमच्याकडे ट्रॉली लागणार आहे. तुमच्याकडे विटा-मातीचे काही पडले असेल तर सांगून ठेवा, शेवटच्या खेपेत जागा उरली तर मीच तुम्हाला बोलावतो. घरचा कचरा तेवढा घंटागाडीलाच द्या, नाहीतर ट्रॉलीवाला अख्खी खेप परत करतो.” या बोलण्यात कोणावर संशय नाही, मदतीची तयारी आहे, आणि नकाराचे कारण ट्रॉलीवाल्याच्या अटीत आहे. एखाद्या शेजाऱ्याकडे खरोखरच बराच मलबा असेल, तर भाडे वाटून घेण्याचे तेव्हाच मोकळेपणाने ठरवावे आणि पैसेही आधीच घ्यावेत, कारण मलबा गेल्यानंतर पैसे मागणे दोघांनाही जड जाते.

एवढे करूनही कचरा पडलाच, तर तो पाहताच हलवण्याची घाई करू नये. आधी मोबाइलवर दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. एक जवळून, एक ट्रॉली आणि आपले घर दोन्ही दिसतील असे, आणि तारीख-वेळ नोंदवून ठेवावी. त्यानंतर कचऱ्याचा प्रकार पाहावा. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या कापसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात घरोघरी असतात. अशी बाटली दिसली तर जनावरे आणि मुले दूर ठेवावीत, हातमोजे घालून ती उभी करावी, झाकण घट्ट लावावे आणि ज्या मातीवर औषध सांडले आहे ती फावड्याने वेगळी काढावी. फुटलेल्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, सुया आणि वापरलेले डायपर यांचाही धोका वेगळा सांगायला नको. या वस्तू मजुरांना उघड्या हाताने उचलायला लावणे योग्य नाही. रोजावर आलेला माणूस नाही म्हणत नाही, म्हणून ती काळजी आपणच घ्यायची असते.

कचरा कोणाचा हे पक्के कळल्याशिवाय कोणाच्याही दारी जाऊ नये. पिशवीत एखाद्याच्या नावाचा कागद सापडला म्हणजे ती त्यानेच टाकली असे सिद्ध होत नाही. रस्त्यावरच्या ट्रॉलीत भाडेकरू, दुकानदार, पलीकडच्या गल्लीतला माणूस, कोणीही टाकू शकतो. मजुरांना आणि समोरच्या घरी विचारावे, जवळ कॅमेरा असेल तर त्याच्या मालकाला विनंती करावी.

खात्री झाल्यावर संध्याकाळी, मजूर गेल्यानंतर, त्या शेजाऱ्याशी एकट्याने बोलावे. गल्लीत चारचौघांसमोर विषय काढला की समोरचा माणूस चूक मान्य करण्याऐवजी आपला मान राखण्याच्या मागे लागतो. उत्तर बहुधा ठरलेले असते: “इतलंसं तं शे, काय बिघडनं?” (एवढंसं तर आहे, काय बिघडलं?) त्यावर रागावण्याऐवजी काय बिघडले ते दाखवावे. ट्रॉलीवाल्याची चिठ्ठी पुढे करावी, निवडायला किती मजूर किती वेळ लागले ते सांगावे आणि एकच स्पष्ट मागणी ठेवावी: उद्या सकाळपर्यंत आपले सामान काढून न्या, किंवा निवडण्याची मजुरी द्या. “पुन्हा असे करू नका” एवढेच म्हणून परतलो तर समोरच्याला काहीच करावे लागत नाही. आमच्या बाबतीत शेजाऱ्याने पैसे दिले नाहीत, पण गादी स्वतः उचलून नेली, आणि त्यानंतर आमच्या ट्रॉलीत त्यांच्या घरचे काही पडले नाही. शेजारी एकटे राहणारे वृद्ध असतील, तर त्यांच्याकडून उचलण्याची अपेक्षा न ठेवता आपण मजूर देणे मला योग्य वाटते.

राग कितीही आला तरी तो कचरा त्यांच्या दारात, गटारीत किंवा कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर टाकू नये. त्या क्षणी तक्रारदार असलेले आपण स्वतःच दोषी होतो. तो पेटवूनही देऊ नये. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रस्त्यावर, उघड्या जागेत किंवा गटारीत कचरा टाकण्यास आणि जाळण्यास स्पष्ट मनाई होती, आणि आपल्याकडच्या वैशाखात, घराशेजारी पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचे, भारे रचलेले असताना, एक ठिणगीही महाग पडते. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शेजाऱ्याच्या नावासह छायाचित्र टाकण्याचा मोहही आवरावा; एका पिशवीसाठी बदनामीचा वाद ओढवून घेण्यात हित नाही.

दोन वेळा सांगूनही तोच प्रकार चालू राहिला, तर लेखी मार्ग धरावा. आधी शेजाऱ्याला साध्या भाषेत, तारखा आणि झालेला खर्च नमूद करून पत्र द्यावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. उपयोग झाला नाही तर शहरात प्रभागाच्या स्वच्छता निरीक्षकाकडे छायाचित्रांसह अर्ज करावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. गावात ग्रामपंचायतीकडे जावे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती गावात कार्यरत असेल, तर असा वाद तिच्यासमोर बसून लवकर मिटू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडेही दावा दाखल होण्यापूर्वीच तडजोडीसाठी अर्ज करता येतो. पोलीस ठाणे हा शेवटचा मार्ग समजावा. सार्वजनिक उपद्रवाबद्दल न्याय संहितेच्या कलम २९२ खाली १,००० रुपयांपर्यंतच दंड आहे आणि गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे तेथून नुकसानभरपाई मिळेल अशी आशा धरू नये. मात्र धमकी किंवा मारहाण झाली, तर तेथे जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

शेवटच्या खेपेच्या दिवशी ट्रॅक्टर जोडण्यापूर्वी ट्रॉलीवाल्यासोबत संपूर्ण ट्रॉली पाहून घ्यावी, भरलेल्या मालाचे छायाचित्र काढावे आणि मलबा फाळक्याच्या वर गेलेला नाही याची खात्री करावी, म्हणजे “तुमच्या मालात कचरा निघाला” असा निरोप नंतर आल्यास आपल्याकडे उत्तर असते. शेजाऱ्याला शब्द दिला असेल आणि जागा उरली असेल, तर त्याच वेळी त्याला हाक मारावी. ट्रॉलीखालची जागा झाडण्याचे काम मात्र ती जाण्यापूर्वीच, मजुरांचा रोज संपण्याआधी उरकावे, कारण तेथे विटांचे चार तुकडे जरी राहिले तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर कोणाची तरी पिशवी येऊन पडते, आणि ती उचलून न्यायला तेव्हा दारात ट्रॉली नसते.