फवारणीच्या विमानाचं टेकऑफ: नव्या पायलटांसाठी

फवारणीच्या विमानावर नव्याने येणाऱ्यांना सगळी धास्ती शेतावरच्या तारांची असते. ती असायलाच हवी. पण भरलेल्या हॉपरसह (फवारणीच्या मालाची टाकी) होणारं टेकऑफ मला तारांपेक्षा कमी जोखमीचं कधीच वाटलं नाही, आणि ते दर फेरीला करायचं असतं. 'मघाशी उडालं, म्हणजे आताही उडेल' हा विचार इथे सर्वांत घातक.

सकाळच्या तपासणीत कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल जखडून ठेवणारी खीळ) निघालाय का बघा. स्टिक डावीकडे नेल्यावर डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वरच जातंय ना, हे मान वळवून डोळ्यांनी पाहा. टाकीच्या तळातून काढलेलं इंधन काचेच्या बरणीत उजेडासमोर धरा. पाणी जड, ते खाली बसतं आणि मध्ये रेघ दिसते. मात्र बरणीत नुसतं पाणीच आलं असेल तर रेघ दिसणारच नाही, नमुना अगदी स्वच्छ वाटेल. म्हणून रंग आणि वासही तपासायचा. रसायनं धातू खातात, त्यामुळे बिजागऱ्या आणि कंट्रोल केबल रोज बारकाईने पाहायच्या.

हॉपर भरतात लिटरमध्ये, विमान उचलतं किलो. 1,000 लिटर पाणी म्हणजे 1,000 किलो. तेवढंच द्रवरूप यूएएन (युरिया-अमोनियम नायट्रेट) खत 1,300 किलोंच्या आसपास जातं. वजन 10 टक्के वाढलं की टेकऑफचं अंतर साधारण 20 टक्के वाढतं. त्यात ऊन. धावपट्टी 1,000 फूट उंचीवर आणि तापमान 38 अंश असेल, तर विमानाला हवा जवळपास 4,000 फुटांवरच्यासारखी विरळ लागते.

सकाळभर इंधन जळून विमान हलकं होत जातं, म्हणून वाढतं ऊन जाणवत नाही. मग इंधनाच्या टाक्या पुन्हा भरतात. तोवर वारा कधी पाठीमागून येऊ लागलेला असतो आणि लोडर सवयीने सकाळइतकाच माल ओततो. मला भीती वाटते ती याच फेरीची. इंधन घेतलंत की विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पाहा, माल कमी करा. कितीही घाई असली तरी आकडा पायलटनेच सांगायचा.

धावपट्टीच्या निम्म्यावर लांबून दिसेल अशी खूण हवी. तिथपर्यंत टेकऑफच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही तर पॉवर काढून थांबायचं. पुढच्या झाडांवरून विमान निघेल का, हा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो.

चाकं जमिनीवरून सुटली आणि विमान चढत नाहीये, तर लगेच डम्प, म्हणजे हॉपरमधला माल एकदम खाली सोडायचा. कुठल्या जागेपर्यंत वाट पाहायची, हे उभं असतानाच ठरवा. डम्प करताच बहुतेक विमानांचं नाक झपकन वर येतं. स्टिक पुढे दाबून धरली नाही तर स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, ठरलेला. याचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हॉपरमध्ये साधं पाणी भरून, सुरक्षित उंचीवर करा. आधी थोड्या पाण्याने, मग वाढवत नेत.