विषय नको, तारीख शोधा

माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा विषय होता ‘दारिद्र्य निर्मूलनात शासनाची भूमिका’. मार्गदर्शक बाईंनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, “कुठल्या दिवसापासून?” मी गप्प. दोन महिन्यांची टिपणं तिथेच बाद झाली.

आता धोरणावर विषय सुचवा म्हणून कुणी आलं, की मी आधी तारीख विचारते. नियम बदलला तो दिवस कुठला? आणि तो बदल कुणाला लागू झाला नाही? हा दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि मग तुलना कशाशी करायची हेच कळत नाही.

एक उदाहरण मी नेहमी देते. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची ४१० फास्ट फूडची दुकानं निवडली आणि वाढीच्या आधी एकदा, नंतर एकदा विचारलं: कामावर माणसं किती? वेतन वाढलं की नोकऱ्या घटतात, अशी पाठ्यपुस्तकी समजूत होती. त्यांना तशी घट दिसली नाही. त्यांच्या निष्कर्षावर पुढे भरपूर वाद झाले. पण प्रश्न किती छोटा आहे बघा!

कधी सरकारच तुलना हातात देतं. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात २००८ साली मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, मोजक्या जागांसाठी सोडत काढली. नाव निघालेले एकीकडे, न निघालेले दुसरीकडे.

‘द्यावं का’, ‘असावं का’ असले प्रश्न वादविवाद स्पर्धेसाठी ठेवा.

विषय ठरवण्याआधी आकड्यांची फाइल उघडून बघा. ‘आकडे उपलब्ध आहेत’ या ऐकीव माहितीवर जाऊ नका. रकाने वाचा, कुठली वर्षं गाळली आहेत ते बघा, आणि तळटीप तर वाचाच. मी एकदा बेरोजगारी घटल्याचा सुंदर आलेख काढून योजनेला श्रेय देऊन मोकळी झाले होते. मधल्या एका वर्षी ‘बेरोजगार’ची व्याख्याच बदलली होती, हे तळटिपेत स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हा आकडे हवे तसे नसतील तर प्रश्न बदला. दुसरी तारीख घ्या, दुसरी सीमा घ्या.