टेबलची रचना दाखवताना डेटा उघडा पाडू नका : या चुका टाळा

‘मला फक्त कॉलम बघायचे आहेत’ अशी मागणी आली की एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीवर अनेक जण त्या युजरला डीबी-डेटारीडर या रोलमध्ये, म्हणजे अधिकारांच्या तयार गटात, टाकून मोकळे होतात. ही चूक मी इतक्यांदा निस्तरली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. हा रोल डेटाबेसमधल्या प्रत्येक युजर टेबलवर, पुढे तयार होणाऱ्या टेबलांवरसुद्धा, सिलेक्टचा, म्हणजे डेटा वाचण्याचा, अधिकार देतो. एका प्रकल्पात टेस्टिंग टीमला तो असाच घाईत दिला गेला. काही महिन्यांनी त्याच डेटाबेसमध्ये पगाराचे टेबल आले, आणि टीममधल्या एकाने कॉलमचा प्रकार पाहण्यासाठी राइट-क्लिक करून पहिल्या हजार ओळी उघडल्या व तो स्क्रीनशॉट बगच्या तिकिटाला जोडला. तिकीट उघडणाऱ्या प्रत्येकाला नावांसकट पगार दिसले. दोष त्या मुलाचा नव्हता; पाच मिनिटे वाचवण्यासाठी ज्याने रोल दिला, त्याचा होता.

येथे हवी असते ती व्ह्यू डेफिनिशन, म्हणजे डेटा न दाखवता फक्त रचना दाखवणारी परवानगी. मी ती वेगळ्या रोलला आणि लागेल त्या स्कीमापुरतीच (डेटाबेसमधल्या टेबलांच्या गटापुरतीच) देतो. त्यानंतर एक्झिक्युट ॲज ही आज्ञा वापरून त्या युजरच्या भूमिकेत जातो, कॉलम दिसतात याची खात्री करतो आणि मुद्दाम सिलेक्ट चालवतो. ते नाकारले गेले तरच काम झाले असे मानतो, कारण प्रत्येक युजर ज्यात आपोआप असतो त्या पब्लिक रोलला कोणीतरी जुना अधिकार दिलेला असू शकतो. नवशिके नेमकी हीच तपासणी गाळतात.

व्ह्यू डेफिनिशन पूर्ण डेटाबेसवर दिल्यास स्टोअर्ड प्रोसिजरचा (डेटाबेसमध्ये साठवलेल्या कोडचा) मजकूरही दिसतो, आणि त्यात लिहिलेले पासवर्डसुद्धा. म्हणून आधी प्रोसिजर वाचून काढाव्यात. प्रोसिजरचा मजकूर लपवणाऱ्या विथ एन्क्रिप्शन या पर्यायावर विसंबू नये, तो मजकूर उलगडता येतो.

रचना पाहण्यासाठी डीबी-डीडीएलॲडमिन हा रचना बदलू देणारा रोल देणे म्हणजे टेबल ड्रॉप करण्याची मुभा देणे होय. मायएसक्यूएलमध्ये टेबलची रचना दाखवणाऱ्या शो क्रिएट टेबल या आज्ञेसाठी सिलेक्ट लागत नाही, त्या टेबलवर रेफरन्सेसचा अधिकार पुरतो. पोस्टग्रेसमध्ये सिस्टिम कॅटलॉग, म्हणजे रचनेची नोंद ठेवणारी अंतर्गत टेबले, मुळातच वाचता येतो, त्यामुळे रचनेसाठी सिलेक्ट देणे निरर्थक आहे.

ओरॅकलमध्ये अशीच अंतर्गत माहिती वाचू देणारा सिलेक्ट-कॅटलॉग रोल निर्धोक समजून वाटला जातो. परंतु स्टॅटिस्टिक्स (डेटाबेसने स्वतःसाठी ठेवलेला डेटाचा सारांश) गोळा झालेले असतील, तर डीबीए-टॅब-कॉलम्स या व्ह्यूमध्ये कॉलमची लो-व्हॅल्यू आणि हाय-व्हॅल्यू, म्हणजे सर्वांत लहान व सर्वांत मोठी किंमत, असते, आणि ती सांकेतिक दिसली तरी सहज वाचता येते. पगाराच्या कॉलमबाबत याचा अर्थ एकही ओळ न उघडता सर्वांत मोठा पगार कळणे असा होतो. म्हणून मी टेबल, कॉलम, प्रकार आणि लांबी एवढेच दाखवणारा वेगळा व्ह्यू तयार करून तेवढाच वाचायला देतो.