गुच्छ दिसले म्हणजे झालं नाही

आतड्याच्या जिवाणूंवर पीएचडी सुरू केली असेल तर अ‍ॅढिजन अ‍ॅसे तुमच्या वाट्याला येणारच, म्हणजे जिवाणू पेशींना चिकटतात का ते बघायची चाचणी. पेशी वाढवा, जिवाणू घाला, तीन तास थांबा, धुवा, रंगवा, बघा. मला ते 'बघा'च नडलं.

माझा जिवाणू इपेक, तान्ह्या मुलांना जुलाब करणारा ई. कोलाय. इंटिमिन हे त्याचं पेशीला धरून ठेवणारं प्रथिन; त्याचं जनुक मी उडवलं. इंटिमिन गेलं की चिकटणं गेलं, हे डोक्यात पक्कं. गिम्सा हा रंग देऊन पाहिलं तर हेप-२ या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींवर जिवाणूंचे गुच्छ जसेच्या तसे! जनुक उडवलेला जिवाणू, म्हणजे म्युटंटच फसला म्हणून पुन्हा केला. पीसीआर बरोबर, सीक्वेन्सिंग बरोबर, आणि पुन्हा गुच्छ. चार महिने गेले. दोनदा लॅबच्या जिन्यात बसून रडले.

आता नीट ऐका. चिकटणं एक नाही, दोन आहेत. पहिलं सैल. बीएफपी नावाचे पिलाय, म्हणजे जिवाणूच्या अंगावरचे केसांसारखे धागे, दोरखंडासारखे एकमेकांत गुंततात आणि जिवाणूंचा घड पेशीवर बसतो. त्याला इंटिमिन लागतच नाही. दुसरं अंगाला अंग भिडवून. टाइप थ्री या प्रथिनं टोचणाऱ्या यंत्रणेच्या सुईतून जिवाणू टिर हे प्रथिन पेशीत ढकलतो, ते पेशीच्या पटलात बसून बाहेर डोकावतं आणि इंटिमिन त्यालाच धरतं. म्हणजे पाहुणा बसायचा पाट घरूनच घेऊन आला! १९९७पर्यंत सगळे तो पाट यजमानाचाच समजत होते. इंटिमिनने टिर धरलं की त्याखाली पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनचा चबुतरा उभा राहतो. गिम्सात घड दिसतो, चबुतरा नाही. तो बघायला फ्लुरोसंट फॅलॉइडिन, म्हणजे अ‍ॅक्टिनला धरून चमकणारा रंग लागतो. मूळ स्ट्रेनमध्ये जिवाणूंखाली लख्ख ठिपके दिसतात. म्युटंटमध्ये घड असतो, ठिपके नसतात. माझा म्युटंट पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

ही फॅलॉइडिनची चाचणी १९८९ची. पण मी रिव्ह्यूमधल्या रंगीत आकृत्यांवर विसंबले. त्यात एकच जिवाणू चबुतऱ्यावर ऐटीत बसलेला असतो, घड कुणी काढत नाही. जुन्या पेपरांच्या मेथड्स वाचा, कंटाळवाण्या असल्या तरी. आणि गाईडला विचारायला आठवडाभर धीर गोळा करण्यापेक्षा शेजारच्या लॅबमधल्या सीनियरला चहाला न्या. माझ्या अशाच सीनियर ताईंनी कप खाली न ठेवताच विचारलं, "फॅलॉइडिन केलंस का गं?"

बाकीचं निभतं, घाबरू नका. मॅनोज ही साखर घालायला विसरू नका, नाहीतर टाइप वन फिम्ब्रिया या धाग्यांमुळे साधा ई. कोलायसुद्धा चिकटतो. पेनस्ट्रेप, म्हणजे अँटिबायोटिकवालं मीडियम आधी काढून टाका. ते एकदा तरी सगळेच विसरतात.

फॅलॉइडिनसाठी पेशी फॉर्माल्डिहाइडनेच फिक्स करा, म्हणजे आहेत तशा पक्क्या करा. मिथेनॉलने अ‍ॅक्टिनची घडण मोडते, मग फॅलॉइडिन धरत नाही. गिम्साला आम्ही मिथेनॉलच वापरायचो. त्यामुळे चार महिन्यांच्या माझ्या स्लाइडचे डबे भरलेले होते, पण पुन्हा रंगवायला त्यातली एकही कामाची नव्हती.