इंग्लंडच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलसाठी भारतीय पासपोर्टवर मतदान कसे करावे

इंग्लंडमधल्या कित्येक मराठी घरांत एक समज घट्ट बसलेला असतो: ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्याशिवाय इथे मत देता येत नाही. हा समज चुकीचा आहे. भारत कॉमनवेल्थचा सदस्य आहे. त्यामुळे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, राहण्याचा वैध परवाना असलेल्या आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीय नागरिकाला स्थानिक कौन्सिलसाठी मत देता येते, पार्लमेंटसाठीसुद्धा. वर्क व्हिसावर आलेला इंजिनिअर, डिपेंडंट व्हिसावरची त्याची बायको, मास्टर्सला आलेली विद्यार्थिनी, सगळे यात येतात. मतदार म्हणून नाव नोंदवले की भारतीय नागरिकत्व धोक्यात येते, अशीही भीती काही जण बाळगतात. यादीत नाव नोंदवणे वेगळे आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणे वेगळे, त्यामुळे तो विचार मनातून काढून टाका.

आधी कौन्सिल टॅक्सचे (घरावरच्या स्थानिक कराचे) बिल काढा

आपण नेमके कोणाला निवडून देणार, हे त्या कागदावरून कळते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत कारभार दोन थरांत चालतो: वर मोठ्या भागासाठी काउंटी कौन्सिल, खाली छोट्या भागासाठी डिस्ट्रिक्ट कौन्सिल. बिल डिस्ट्रिक्ट पाठवते, पण त्यातला मोठा वाटा काउंटी कौन्सिलला जातो. पोलीस, अग्निशमन दल आणि गावाची पॅरिश किंवा टाउन कौन्सिल यांचे आकडे वेगळे दाखवलेले असतात.

केंब्रिजजवळचे कॅम्बोर्न घ्या. तिथल्या घराचा कचरा साउथ केंब्रिजशायर डिस्ट्रिक्ट कौन्सिल उचलते. घराला मागे खोली वाढवायची असेल तर परवानगी तीच देते, कौन्सिलची घरेही तिच्याकडेच. पण रस्त्यातला खड्डा, शाळा, वाचनालय आणि वृद्धांची देखभाल ही केंब्रिजशायर काउंटी कौन्सिलची कामे. डिस्ट्रिक्टचा उमेदवार दारात आला की त्याला खड्ड्यांबद्दल जरूर सांगा, पण मत देताना प्लॅनिंग, घरे आणि कचरा याबद्दल त्याचे काय म्हणणे आहे ते विचारा.

डिस्ट्रिक्टचे काम किरकोळ समजू नका. याच साउथ केंब्रिजशायरने जानेवारी २०२३ मध्ये पगार न कापता कर्मचाऱ्यांसाठी चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग सुरू केला आणि त्यावर देशभर वाद झाला. तो निर्णय गावोगावच्या वॉर्डांतून निवडून आलेल्या कौन्सिलरांच्या कारभारातलाच होता.

काही डिस्ट्रिक्टमध्ये सगळ्या जागांची निवडणूक चार वर्षांतून एकदा होते, काहींत एकतृतीयांश जागा आलटून पालटून भरल्या जातात. शिवाय दोन थरांच्या जागी एकच कौन्सिल आणण्याचे धोरण सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून आपल्याकडे यंदा मतदान आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवा.

नाव नोंदवा, प्रत्येकाने स्वतंत्रपणे

नवऱ्याने नोंदणी केली म्हणजे बायकोची आपोआप झाली, असे होत नाही. २०१४ पासून प्रत्येकाला स्वतःची नोंदणी स्वतः करावी लागते. सरकारच्या संकेतस्थळावर पाचेक मिनिटांत काम होते. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (ब्रिटनमध्ये नोकरी आणि करासाठी मिळणारा क्रमांक) हाताशी ठेवा. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात बिनधास्त ‘भारतीय’ लिहा. मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांआधी, रात्री बारापर्यंत मुदत असते. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, त्यात मोजत नाहीत. बहुधा एप्रिलमध्ये ईस्टर येतो, त्यामुळे मुदत वाटते त्यापेक्षा आधीच संपते. मार्चमध्येच उरकून टाका.

फॉर्ममध्ये ‘ओपन रजिस्टर’बद्दल एक प्रश्न येतो. ही यादी कोणालाही विकत मिळते, म्हणून त्यातून नाव वगळायला सांगा. मताच्या हक्कावर त्याचा काही परिणाम होत नाही. यादीत नाव असण्याचा आणखी एक फायदा: कर्ज किंवा मोबाइलचा करार देताना कंपन्या पत्त्याची खात्री मतदार यादीवरून करतात. घर बदलले की नोंदणी पुन्हा करावी लागते, हे भाड्याने राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

ओळखपत्र आणि नावाचा घोळ

मे २०२३ पासून इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकीत मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावे लागते. कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट चालतात, म्हणजे भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटो ओळखू येत असेल तर हरकत नाही. ब्रिटनचे ड्रायव्हिंग लायसन्सही चालते, प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊसुद्धा. भारतातले लायसन्स मात्र चालत नाही, आणि मोबाइलमधला फोटोही नाही. मूळ कागदच न्यायचा.

आपल्या लोकांची खरी अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असते, ‘स्नेहल प्रकाश’ असे. नोंदणी करताना मात्र आपण नुसते ‘स्नेहल’ लिहून मोकळे होतो. कित्येकींचे पासपोर्टवर माहेरचे आडनाव असते आणि बाकी सगळीकडे सासरचे. किरकोळ फरक केंद्रावरचे अधिकारी समजून घेतात, पण आडनावच वेगळे असेल तर प्रश्न विचारला जाणार. सोपा उपाय म्हणजे पासपोर्ट समोर उघडून ठेवायचा आणि त्यावर जसे आहे तसेच नाव, त्याच स्पेलिंगने भरायचे. आधीच वेगळे नाव नोंदवले असेल तर लग्नाचा दाखला सोबत न्या.

पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला आहे आणि दुसरे ओळखपत्र नाही, असे असेल तर ‘व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट’ मागा. ते मोफत मिळते. त्यासाठी मतदानाच्या ६ कामकाजाच्या दिवसांआधी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज पोचला पाहिजे.

मे महिन्यात भारतात असाल तर

आपल्याकडे लग्नसराई नेमकी तेव्हाच. टपाली मतपत्रिका मागवता येते, अर्जाची मुदत ११ कामकाजाचे दिवस आधी. पण मतपत्रिका भारतात पोचून मतदानाच्या रात्री दहाच्या आत परत येईल, या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा प्रॉक्सी नेमा, म्हणजे विश्वासातला मतदार तुमच्या वतीने तुमच्या केंद्रावर जाऊन मत देईल. त्याने स्वतःचे ओळखपत्र न्यायचे, तुमचे नाही. या अर्जाची मुदत ६ कामकाजाचे दिवस आधीची आहे.

इथेच राहून टपालाने मत देणार असाल तर सोबतच्या पत्रकावर सही आणि जन्मतारीख काळजीपूर्वक लिहा. सही अर्जावरच्या सहीशी जुळली नाही तर मत मोजले जात नाही. अर्जावर मराठीत सही केली असेल तर इथेही मराठीतच करा.

मतदानाचा दिवस

गुरुवार असतो, बहुधा मे महिन्यातला पहिला. सुट्टी नसते. केंद्रे सकाळी सात ते रात्री दहा उघडी असतात, त्यामुळे ऑफिसआधी किंवा नंतर सहज जाता येते. दहा वाजता रांगेत उभे असाल तरी मत देता येते. घरी आलेले पोलिंग कार्ड नेले तर बरे, नसले तरी अडत नाही. फक्त केंद्र तेच लागते, जवळचे दुसरे चालत नाही.

केंद्र म्हणजे गावाचा हॉल, शाळा किंवा चर्च. दारात पक्षाचा कापडी बिल्ला लावलेले कोणी तुमचा मतदार क्रमांक विचारेल. तो सरकारी माणूस नाही. आपले समर्थक येऊन गेले का, याची पक्ष अशी नोंद ठेवतात. उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. आत टेबलाशी नाव आणि पत्ता सांगायचा. कर्मचारी ओळखपत्र पाहतात, यादीतल्या तुमच्या नावावर रेघ मारतात आणि मतपत्रिका देतात. बोटाला शाई नाही, यंत्र नाही आणि ‘नोटा’ही नाही. लाकडी आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. आपले पेन नेले तरी चालते.

आता मतपत्रिकेच्या डोक्यावरची सूचना नीट वाचा. पुण्या-ठाण्याच्या प्रभाग पद्धतीत अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेसाठी एक मत द्यायचे असते. इथे बऱ्याच वॉर्डांत तीन कौन्सिलर निवडायचे असतात, पण यादी एकच. त्यातल्या जास्तीत जास्त तीन नावांसमोर फुली मारायची. दोनच आवडले तर दोनच मारा, चालते. एकाच पक्षाचे तिघे निवडायलाही हवेत असे नाही. चार फुल्या मारल्या तर मात्र सगळे मत बाद. पसंतीचे १, २, ३ असे आकडे घालू नका, आणि सही किंवा नाव तर कुठेच नको. चूक झाली तर पेटीत टाकण्याआधी मतपत्रिका परत करून नवी मागा, देतात. आईवडिलांना इंग्रजी वाचता येत नसेल तर तसे अधिकाऱ्याला सांगा. सोबतच्या माणसाची मदत घेण्याची सोय आहे.

ज्याला जास्त मते तो निवडून येतो. एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांना नॉर्थंबरलंडची गोष्ट सांगावी. मे २०१७ मध्ये तिथल्या साउथ ब्लाइथ वॉर्डात पहिल्या दोघांना सारखीच मते पडली आणि निकाल काड्या ओढून लावावा लागला. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार हरला आणि ६७ जागांच्या कौन्सिलमध्ये त्या पक्षाचे बहुमत एका जागेने हुकले.

स्वतः उभे राहायचे असेल तर

भारतीय पासपोर्टवर तेही शक्य आहे, पण इथे अट कडक आहे: कायमस्वरूपी राहण्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, लागतो. शिवाय त्या कौन्सिलच्या हद्दीत मतदार म्हणून नोंद असणे किंवा वर्षभर वास्तव्य वा नोकरी असणे, यांपैकी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. डिस्ट्रिक्टसाठी अनामत रक्कम भरावी लागत नाही. अर्जावर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या हव्यात, एक सूचक आणि एक अनुमोदक. त्या कौन्सिलच्याच नोकरीत असाल तर उभे राहता येत नाही. एवढी पूर्वतयारी झाली की निवडणूक कार्यालयातून नामांकनाचे कागद घ्या आणि मुदतीच्या काही दिवस आधीच तपासायला नेऊन द्या, म्हणजे चूक निघाली तरी दुरुस्तीला वेळ राहील.