कॉलेजच्या वेबसाइटवर विभागांची पानं आणि संपादकांचे अधिकार: नव्यानं काम धरणाऱ्यांसाठी

कॉलेजची वेबसाइट सांभाळायचं काम नव्यानं मिळालेली मुलं मला पहिला प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, अधिकारांसाठी कोणता प्लगइन टाकू?" हिंगणा रोडपासून काटोल रोडपर्यंत कॉलेजांची कमी नाही, त्यामुळे नागपुरात अनेकांची पहिली नोकरी अशाच कामावर सुरू होते. माझं उत्तर ठरलेलं आहे. प्लगइन, म्हणजे वेबसाइटच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायची जादा सोय, ती राहू दे, आधी वेबसाइटवरच्या सगळ्या पानांची यादी काढ आणि प्रत्येक पानापुढे ते कोणाच्या जबाबदारीचं आहे ते लिही. तिथे माणसाचं नाव नको, पद हवं: ग्रंथपाल, परीक्षा विभाग, स्थापत्य विभागप्रमुख. ज्या पानापुढे काहीच लिहिता येत नाही, ते घेऊन प्राचार्यांकडे जायचं. बहुतेक वेळा "काढून टाका" हेच ऐकू येतं आणि निम्मी वेबसाइट तिथेच हलकी होते.

ही यादी संगणकासमोर बसून होत नाही, विभागाविभागांत जाऊन बसावं लागतं. नोटीस कोण टाइप करतं, सही कोणाची लागते, वेळापत्रक बदललं तर आधी कोणाला कळतं, असं साधंच विचारायचं. विभागप्रमुख सांगतील की सगळं मी बघतो. मग बाहेरच्या टेबलावरचे बाबू हळूच म्हणतील, "अवो मॅडम, सर सही मारतात, टाकतो तर मीच ना!" या एका वाक्यात तुमची अर्धी अधिकाररचना आली. लिहिण्याचं खातं बाबूंचं, मंजुरीचं खातं सरांचं. उलटं केलंत, म्हणजे एकच मोठं खातं सरांना दिलंत, तर त्याचा पासवर्ड संध्याकाळपर्यंत बाबूंच्या टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर दिसेल. कागदावर सही जशी फिरते तशीच मंजुरी स्क्रीनवर फिरू द्या, लोकांना नवं काही शिकावं लागत नाही.

आता मजकुराची वाटणी. विभागाचं पान म्हटलं की प्रत्येक विभागाला स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःचं परीक्षा वेळापत्रक, स्वतःची प्राध्यापकांची यादी हवी असते. तसं करू नका. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, तो एकाच ठिकाणी ठेवायचा. हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या सूचना फक्त परीक्षा विभागानं टाकायच्या, विभागाच्या पानावर त्या आपोआप दिसतील अशी सोय करायची. प्राध्यापकाची माहितीही एकदाच भरायची आणि ती विभागाच्या पानावर व मुख्य यादीत, दोन्हीकडे तिथूनच उचलली जावी. नाहीतर एकाच सरांची पीएचडी एका पानावर झालेली असते आणि दुसऱ्या पानावर अजून चालूच असते. यासाठी 'विभाग' हे वर्गीकरण करून प्रत्येक नोंदीला त्याचा टॅग लावणं पुरतं.

एक गट मात्र वेगळा काढून ठेवा, तो म्हणजे तपासणीची कागदपत्रं. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या कॉलेजला मँडेटरी डिस्क्लोजर, म्हणजे सक्तीनं जाहीर करायची माहिती, वेबसाइटवर ठेवावं लागतं. सरकारी कॉलेज असेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4(1)(ख) मधल्या 17 बाबी आपणहून प्रसिद्ध करायच्या असतात. आणि सगळ्यात नाजूक नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. दरवर्षीच्या गुणवत्ता अहवालात, म्हणजे आपण ज्याला एक्यूएआर म्हणतो त्यात, पुरावे म्हणून वेबसाइटच्या लिंका द्याव्या लागतात. अहवाल एकदा गेला की त्या लिंका तशाच जिवंत राहायला हव्यात. पण विभागातला कोणीतरी उत्साही माणूस जुनी पीडीएफ काढून 'फायनल-न्यू-2' नावाची चढवतो आणि जुना पत्ता मरतो. वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर फाइली वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवतं, त्यामुळे फाइलचं नाव तेच ठेवलं तरी पुढच्या महिन्यात पत्ता बदलतो. म्हणून अहवालात पीडीएफची लिंक न देता पानाची लिंक द्यावी आणि पीडीएफ त्या पानावर जोडावी. या गटात पान काढण्याचा किंवा पत्ता बदलण्याचा अधिकार आयक्यूएसीचे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक आणि तुम्ही, एवढ्यांनाच. पत्ता बदलावाच लागला तर 301 रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय, लावल्याशिवाय हात लावू नका.

यादी हातात आली की सॉफ्टवेअर उघडा. वर्डप्रेसमध्ये खात्यांना द्यायच्या आयत्या पाच भूमिका, म्हणजे अधिकारांचे ठरलेले संच, मिळतात आणि कॉलेजच्या कामाला त्यातली एकही नीट बसत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. 'कॉन्ट्रिब्युटर' लिहू शकतो, प्रकाशित करू शकत नाही, म्हणजे बाबूंसाठी अगदी योग्य वाटतो. पण त्याला फाइल अपलोड करता येत नाही आणि आपल्याकडे नोटीस म्हणजे सही-शिक्क्याची पीडीएफच! शिवाय त्याची नोंद एकदा प्रकाशित झाली की त्यालाच ती दुरुस्त करता येत नाही. 'ऑथर' फाइल चढवतो, पण मंजुरीशिवाय थेट प्रकाशितही करतो, आणि 'पेज' प्रकारातल्या पानांना मात्र हात लावू शकत नाही. 'एडिटर' सगळंच करतो, म्हणजे स्थापत्य विभागाचा एडिटर यंत्र विभागाचं पान सहज पुसू शकतो. विभागाची भिंत वर्डप्रेसमध्ये मुळातच नाही. उरलेल्या दोघांपैकी 'सबस्क्रायबर'चा इथे उपयोग नाही, आणि 'अॅडमिनिस्ट्रेटर' तुम्ही व तुमचा एक पर्यायी माणूस, बस.

मग करायचं काय? भूमिका बदलणारा प्लगइन घेऊन कॉन्ट्रिब्युटरला अपलोडचा अधिकार जोडायचा, आणि विभागानुसार मर्यादा घालणारा दुसरा. काहीजण मल्टिसाइट सुचवतात, म्हणजे प्रत्येक विभागाची वेगळी उपसाइट. 2010 पासून ती सोय वर्डप्रेसमध्येच आहे. विद्यापीठाच्या आकाराच्या संस्थेला ती शोभते. सात-आठ विभागांच्या कॉलेजला नको, कारण वर सांगितलेला 'एकदाच भरायचं' हा नियम तिथे मोडतो. वर्डप्रेसऐवजी ड्रुपल हे दुसरं सॉफ्टवेअर असेल तर तुमचं नशीब चांगलं. स्वतःची नोंद आणि कोणाचीही नोंद हे अधिकार तिथे मजकुराच्या प्रकारानुसार मुळातच वेगळे असतात, मसुदा ते प्रकाशन ही मंजुरीची साखळी मूळ संचातच मिळते, आणि वर्कबेंच अॅक्सेस हे मॉड्यूल विभागांची भिंत उभी करतं. शिकायला जड आहे, हे खरं.

खाती माणसागणिक वेगळी ठेवा. 'मेकॅनिकल' नावाचं एकच खातं पाच जण वापरत असतील तर रात्री नोटीस कोणी उडवली हे कधीच कळणार नाही. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सत्र संपलं की बदलतात, म्हणून सत्राअखेरीस खात्यांची यादी विभागप्रमुखांसमोर ठेवून कोणाचं चालू ठेवायचं ते विचारायचंच. खातं काढताना वर्डप्रेस विचारतं की यांचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा. इथे घाई करू नका. दुसरा पर्याय निवडा.

मराठी नोटिसांचा एक खास ताप आहे. अनेक कार्यालयांत अजून कृतिदेव हा युनिकोड नसलेला जुना फॉन्ट चालतो. तिथला मजकूर वर्डप्रेसमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बाबूंच्या संगणकावर युनिकोडचा कीबोर्ड बसवून देणं हे अधिकारांच्या कोणत्याही सेटिंगइतकंच महत्त्वाचं काम समजा. प्रशिक्षणासाठी परीक्षा आणि प्रवेशाचे दिवस टाळा, आणि विभागात त्यांच्याच टेबलावर, त्यांचीच खरी नोटीस टाकून शिकवा. हॉलमधल्या प्रोजेक्टरवर दाखवलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

सुरू झाल्यावर अडतं ते मंजुरीपाशी. सर रजेवर गेले की नोटिसा रांगेत पडून राहतात आणि दोन दिवसांत सगळे तुमच्याकडे येतात, "तुमीच टाकून द्या ना जी." टाकू नका, एकदा टाकली की ती कायमची तुमच्याच टेबलावर येईल. प्रत्येक मंजुरीच्या पदाला एक प्रभारी आधीच नेमून घ्या, त्याचं पत्र प्राचार्यांच्या सहीनं काढा आणि त्याची प्रत स्वतःच्या फाइलला लावून ठेवा.